छायाचित्रावरून संख्येचा अंदाज : स्पर्धा कशी घ्यावी आणि अंदाज कसा बांधावा?

अदमास यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गटातील मंडळींसाठी मी एक छोटीशी, केवळ मनोरंजनासाठीची स्पर्धा आखली आहे. तीन छायाचित्रे दाखवायची आणि प्रत्येकात किती वस्तू आहेत याचा आकडा सहभागी व्यक्तींनी पाहून सांगायचा, एवढेच तिचे स्वरूप आहे. पहिल्या छायाचित्रात सरळ कडांची एक उभट काचेची बरणी असून ती एकाच मापाच्या काचेच्या गोट्यांनी गळ्यापर्यंत भरलेली आहे. दुसऱ्यात तशीच बरणी आहे, पण तिच्यात आगकाड्या आडव्यातिडव्या ओतलेल्या आहेत. तिसऱ्यात मोकळ्या आकाशात उडणारा पक्ष्यांचा मोठा थवा आहे. छायाचित्र छापून त्यावर पट्टी ठेवण्यास, रेघा ओढण्यास आणि कागदावर आकडेमोड करण्यास मुभा आहे. मोजणी करून देणारी संगणकीय साधने मात्र वापरायची नाहीत.

मला दोन बाबतींत जाणकारांचे मत हवे आहे. एक म्हणजे, केवळ छायाचित्र हाती असताना विचारपूर्वक अंदाज बांधण्याची रीत कोणती? निकालासोबत सर्वांना वाचायला एक टिपण द्यावे असा माझा बेत आहे. दुसरे म्हणजे, प्रत्येकाचा आकडा सर्वांना दिसेल असा ठेवावा की झाकून घ्यावा, आणि विजेता ठरवताना फरक मोजावा की आणखी काही? बक्षीस नाममात्र आहे, पण ज्यांचा आकडा चुकेल त्यांनाही आपण नेमके कुठे घसरलो हे कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दशांश यांचा प्रतिसाद

स्पर्धेची कल्पना फार आवडली. पक्ष्यांविषयी अनुभवी मंडळी लिहितीलच, म्हणून मी बरण्यांपुरतेच लिहितो.

छायाचित्रात आपल्याला संख्या दिसत नसते, लांबी दिसत असते, आणि तीसुद्धा एक वस्तू दुसरीच्या किती पट आहे एवढ्यापुरतीच. त्यामुळे बरणी किती सेंटिमीटरची असेल, तिच्यात किती लिटर मावत असेल, या तर्कात वेळ घालवण्याचे कारण नाही. गोटीचा व्यास हेच आपले माप मानावे आणि बरणीच्या रुंदीत असे किती व्यास बसतात व भरलेल्या उंचीत किती बसतात, हे दोनच आकडे पट्टीने काढावेत. वृत्तचितीचे आणि गोलाचे घनफळ काढण्याची शाळेतली सूत्रे घेऊन भागाकार केला की पाय (π) निघून जातो आणि हाती एक सुटसुटीत नियम उरतो : रुंदीच्या आकड्याचा वर्ग, गुणिले उंचीचा आकडा, गुणिले दीड. गोट्या वितळवून बरणी काठोकाठ भरली, तर एवढ्या गोट्यांची काच तिच्यात मावेल.

पण गोट्या वितळत नाहीत, त्यांच्यामध्ये पोकळी राहते, आणि ही पोकळी किती हाच या कोड्यातला सर्वांत रंजक भाग आहे. एकसारखे गोल जास्तीत जास्त दाटीने रचले तर ते सुमारे ७४ टक्के जागा व्यापतात, असा अंदाज खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांनी १६११ साली मांडला होता. त्याची सिद्धता गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी १९९८ साली दिली आणि तिची पायरीपायरीने संगणकीय पडताळणी २०१४ साली पूर्ण झाली. हे ७४ टक्के हाताने एकेक थर नीट रचल्यावर मिळतात. ओतलेल्या गोट्या तशा बसत नाहीत. बरणी भरपूर हलवली, ठोकली, तरी त्यांची मजल साधारण ६४ टक्क्यांपर्यंतच जाते, आणि नुसत्या ओतल्या तर त्याहूनही कमी. शिवाय बरणीच्या भिंतीला लागून गोट्यांना एकमेकींच्या खाचेत शिरता येत नाही, त्यामुळे कडेने पोकळी वाढते. बरणी जेवढी अरुंद, तेवढा हा परिणाम मोठा. दहाएक गोट्या रुंदीच्या बरणीसाठी मी ६० टक्के धरतो. मग वरचा दीड हा गुणक ०.९ होतो आणि सगळा हिशेब तोंडी करता येतो : रुंदी १० गोट्या, उंची १५ गोट्या असेल तर १०० गुणिले १५ म्हणजे १,५००, आणि त्याचे ०.९ म्हणजे १,३५०.

आता अंदाज कुठे घसरतो ते सांगतो. सहभागी व्यक्ती पोकळीच्या टक्क्यांवर बराच काथ्याकूट करतील, पण ६० ऐवजी ६४ धरल्याने उत्तर सातेक टक्क्यांनीच हलते. खरा फटका गोटीच्या व्यासातून बसतो, कारण तो व्यास रुंदीत दोनदा आणि उंचीत एकदा असा तीनदा हिशेबात येतो. गोटी प्रत्यक्षापेक्षा १० टक्के मोठी मापली तर वरच्या उदाहरणात १,३५० ऐवजी १,०१४ येतात, आणि १० टक्के लहान मापली तर १,८५२. छापील चित्रावर दीड मिलिमीटरची चूक एवढा गोंधळ घालू शकते. म्हणून एकाच गोटीवर पट्टी ठेवू नये. एकमेकींना चिकटलेल्या पाच-सहा गोट्यांची सरळ रांग शोधून तिची लांबी मोजावी आणि भागावी. अशा दोन-तीन रांगा घेतल्या तर आणखी चांगले.

आगकाड्यांच्या बरणीला हा ६० टक्क्यांचा आकडा मुळीच लावू नये. लांबट वस्तू आडव्यातिडव्या पडल्या की एकमेकींना अडवून धरतात, आणि वस्तू जितकी लांबट तितकी पोकळी वाढत जाते. जाडीच्या वीसेक पट लांबीच्या काड्या अस्ताव्यस्त ओतल्या तर त्या जेमतेम चौथा हिस्सा जागा व्यापतात, बाकी सगळी हवा असते. डोळ्यांना बरणी भरलेली दिसते, म्हणून माझ्या मते या छायाचित्रात आकडे प्रमाणाबाहेर मोठे येतील. उलट काड्या पेटीतल्यासारख्या एका दिशेने लावलेल्या असत्या तर त्याच बरणीत कितीतरी अधिक मावल्या असत्या. तेव्हा छायाचित्रात त्या कितपत समांतर पडल्या आहेत, हे बारकाईने पाहणाऱ्याला खरा फायदा होईल.

उंबरठा यांचा प्रतिसाद

दशांश यांची रीत योग्य आहे. तिच्यात रुंदीचा आकडा काढताना दडलेले धोके मात्र सविस्तर सांगायला हवेत, कारण रुंदीचाच वर्ग होतो.

पहिला धोका असा की बरेच जण बरणीच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत दिसणाऱ्या एका आडव्या रांगेतील गोट्या मोजतात आणि त्या संख्येला रुंदी समजतात. प्रत्यक्षात ती रांग गोल भिंतीच्या आतून वळत गेलेली असते, म्हणजे आपण व्यास मोजत नसून अर्धा परीघ मोजत असतो. १० गोट्या रुंदीच्या बरणीत अशा रांगेत सुमारे १४ गोट्या दिसतात, फक्त कडेच्या गोट्या एकमेकींआड दडल्याने चिंचोळ्या भासतात. १४ हीच रुंदी धरली तर १,३५० च्या जागी २,६४६ हे उत्तर येते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ज्यांना मोजायचेच आहे त्यांनी रांगेतील संख्येला १.५७ ने भागून एक मिळवावा. १४ साठी हे उत्तर ९.९ येते आणि ते अगदी चपखल बसते.

दुसरा धोका याच्या उलट दिशेचा आहे. समोरच्या बाजूच्या गोट्या कॅमेऱ्याला जवळ असतात, तर बरणीच्या दोन्ही कडा तिच्या मध्याइतक्या दूर असतात. त्यामुळे मधल्या गोटीने कडांमधील अंतर मापले तर गोटी वाजवीपेक्षा मोठी ठरते. बरणीच्या रुंदीच्या पाचपट अंतरावरून छायाचित्र घेतले असेल तर समोरची गोटी सुमारे १० टक्के मोठी भासते, आणि उंचीही कडेवरच मोजली असेल तर दशांश यांनी सांगितलेल्या तिहेरी परिणामामुळे उत्तर चतुर्थांशाने घसरते. अंतर दुप्पट केले की गोटीच्या मापातील ही चूक साधारण निम्मी होते. अदमास यांना माझी विनंती आहे की शक्य असल्यास छायाचित्र दूर उभे राहून, भिंग पुढे ओढून (झूम करून) घ्यावे आणि कॅमेरा बरणीच्या मध्याच्या उंचीवर ठेवावा. स्पर्धा अवघड करण्यासाठी जवळून, वरच्या कोनातून छायाचित्र घेणे हा एक मार्ग असतो खरा, पण त्यात विचार करणाऱ्याचा हक्काचा फायदा हिरावला जातो, आणि मला ते पटत नाही.

तिसरी गोष्ट काचेची. जाड काचेच्या बरणीत आतला ऐवज बाहेरच्या कडेपर्यंत भिडलेला दिसतो आणि भिंतीची जाडी जणू नाहीशी होते. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशाला किती वळवते हे सांगणारा आकडा, सुमारे १.५ असल्यामुळे गोल भिंतीतून बाहेर येणारे किरण अशा रीतीने वळतात की आतली त्रिज्या दीडपट मोठी भासते. त्यामुळे भिंतीची जाडी बाहेरच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून कमी असेल, तर बाजूने पाहून ती ओळखताच येत नाही. नेहमीच्या सर्व बरण्या या मर्यादेत येतात. बाहेरून १० सेंटिमीटर रुंदीच्या बरणीची काच तीन मिलिमीटर जाड असेल तर आतली रुंदी ९.४ सेंटिमीटर उरते आणि घनफळ सुमारे १२ टक्क्यांनी घटते. ही जाडी कळण्याची एकच जागा असते, ती म्हणजे बरणीचा काठ. म्हणून काठ आणि तळ दोन्ही दिसतील असे छायाचित्र द्यावे. काही बरण्यांचा तळ मध्यभागी वर उचललेला असतो, तेही त्यातून कळेल.

पाणथळ यांचा प्रतिसाद

थव्याविषयी लिहिते, कारण पक्ष्यांची गणना हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

आपली नजर एका झटक्यात फार थोड्या वस्तू खऱ्या अर्थाने मोजू शकते. अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी १८७१ साली स्वतःवरच केलेल्या प्रयोगाची हकिगत प्रसिद्ध केली होती. पेटीत मूठभर काळ्या बिया टाकायच्या आणि क्षणभर पाहून त्या किती हे सांगायचे, असे त्यांनी एकूण १,०२७ वेळा केले. तीन किंवा चार बिया असताना ते एकदाही चुकले नाहीत. पाचपासून चुका सुरू झाल्या आणि संख्या वाढेल तशा त्या वाढत गेल्या. थव्यात तर शेकडो पक्षी असतात, तेव्हा आपण मोजत नसून अजमावत असतो, आणि मोठी संख्या अजमावताना नजर बहुधा कमीच सांगते. याला एक साधा उपाय आहे. ज्याची संख्या ठाऊक आहे असा एखादा नमुना आधी डोळ्यांखालून घातला, तर पुढचे अंदाज लक्षणीय सुधारतात.

प्रत्यक्ष गणनेत आम्ही हेच करतो. थव्याच्या एका भागातील दहा पक्षी खरोखर मोजायचे, ते आकाशाचा केवढा तुकडा व्यापतात हे नजरेत पक्के करायचे, तसे पाच किंवा दहा तुकडे जोडून पन्नासाचा किंवा शंभराचा घास ठरवायचा, आणि मग तो घास थव्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्यायचा. पक्षी उडत असताना हे काही सेकंदांत उरकावे लागते. तुमच्या स्पर्धेत छायाचित्र स्थिर आहे, ही मोठी सवलत आहे, आणि तिचा लाभ घेऊन अधिक काटेकोर पद्धत वापरता येते.

छायाचित्रावर समान चौकोनांची जाळी आखावी. समजा आडवे आठ आणि उभे सहा असे ४८ चौकोन झाले. त्यातले आठ चौकोन चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि तेवढ्यांतले पक्षी एकेक करून मोजावेत. आठांत मिळून ९६ पक्षी निघाले तर दर चौकोनामागे सरासरी १२ आणि एकूण अंदाज ५७६. इथे चिठ्ठ्यांचा आग्रह मी मुद्दाम धरते. चौकोन स्वतः निवडायचे म्हटले की हात आपोआप भरगच्च चौकोनांकडे वळतो, कडेचे विरळ आणि रिकामे चौकोन सुटतात आणि उत्तर फुगते. चिठ्ठीत रिकामा चौकोन आला तर त्याचे शून्यही सरासरीत धरायचे असते. थव्याचा गाभा फार दाट आणि कडा फार विरळ असतील, तर दाट चौकोनांचा एक गट आणि विरळ चौकोनांचा दुसरा असे वेगळे करून प्रत्येकाची सरासरी स्वतंत्र काढावी.

माणसांच्या गर्दीचा अंदाजही याच रीतीने काढतात. हर्बर्ट जेकब्स हे पत्रकारितेचे अध्यापक १९६० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात होते. तेथील चौकातल्या फरसबंदीवर चौकोन आखलेले होते, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या सभांची छायाचित्रे घेऊन त्यांना चौकोनागणिक माणसे मोजता आली. विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार आणि अतिशय चेंगरलेल्या गर्दीत अडीच चौरस फूट, हे त्यांचे ठोकताळे आजही वापरात आहेत. मात्र घनता ठरवण्यात मतभेद झाला की आकडे किती दूर जातात, याचे ठळक उदाहरण १९९५ मधील वॉशिंग्टनच्या मोर्चाचे आहे. तेथील उद्यान विभागाने चार लाखांचा अंदाज दिला, तर बॉस्टन विद्यापीठातील अभ्यासकांनी हवाई छायाचित्रांवरून ८ लाख ३७ हजार असा अंदाज काढला, आणि त्याला २० टक्के कमीअधिक अशी जोडही दिली. ही जोड मला त्या आकड्याइतकीच मोलाची वाटते. तुमच्या स्पर्धेतही प्रत्येकाकडून अंदाजासोबत 'कमीत कमी' आणि 'जास्तीत जास्त' असे दोन आकडे मागवून पाहावेत. खरी संख्या त्या मर्यादांत किती जणांची बसते, हे पाहणे विजेता ठरवण्याइतकेच रंजक ठरेल.

अदमास

सर्वांचे मनापासून आभार. उंबरठा यांच्या सूचनेनुसार दोन्ही बरण्यांची छायाचित्रे दूरवरून, काठ आणि तळ दिसेल अशी पुन्हा घेईन. कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकड्यांची कल्पनाही मी स्वीकारली आहे. आकडे झाकून घेण्याविषयी आणि विजेता ठरवण्याविषयी मात्र अजून कोणी लिहिलेले नाही.

निळी शाई यांचा प्रतिसाद

आकडे निश्चितपणे झाकूनच घ्यावेत, आणि शेवटचा आकडा हाती येईपर्यंत एकही उघड करू नये.

इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १९०७ साली एका पशुप्रदर्शनातील स्पर्धेचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एका बैलाचे कापून साफ केल्यानंतरचे वजन किती भरेल, हे लोकांनी चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्या गॉल्टन यांनी चढत्या क्रमाने लावल्या तेव्हा बरोबर मधल्या चिठ्ठीवर १,२०७ पौंड हा आकडा होता, आणि खरे वजन १,१९८ पौंड भरले. फरक एक टक्क्याहूनही कमी होता. बरणीच्या बाबतीतही असा प्रयोग झालेला आहे. अर्थतज्ज्ञ जॅक ट्रेनर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बरणीत ८५० गोळ्या होत्या, ५६ विद्यार्थ्यांच्या अंदाजांची सरासरी ८७१ आली, आणि त्या सरासरीहून अचूक अंदाज फक्त एकाच विद्यार्थ्याचा होता.

हे घडते ते प्रत्येकाची चूक स्वतंत्र असते म्हणून. कोणी वर चुकतो, कोणी खाली, आणि चुका एकमेकींना खोडतात. आकडे उघडे ठेवले की पहिल्या दोन-तीन आकड्यांभोवती बाकीचे गोळा होऊ लागतात. झुरिक येथे १४४ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेमके हेच दिसले : इतरांची उत्तरे कळल्यावर अंदाजांमधील विविधता घटली, समूहाचे उत्तर मात्र सुधारले नाही, आणि सहभागी व्यक्तींचा स्वतःच्या उत्तरावरचा विश्वास विनाकारण वाढला.

तरीही समूहाच्या शहाणपणावर आंधळा विश्वास ठेवू नये. चुका दोन्ही दिशांना विखुरलेल्या असतील तरच त्या खोडल्या जातात. पाणथळ यांनी सांगितल्याप्रमाणे थव्यात सगळ्यांचीच नजर कमी सांगत असेल, किंवा काड्यांच्या बरणीत सगळेच पोकळी विसरत असतील, तर कितीही आकडे एकत्र केले तरी उत्तर त्याच बाजूला झुकलेले राहील. म्हणूनच मी असे सुचवते की गटाचा मध्यक, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, हाही एक मानाचा स्पर्धक म्हणून तिन्ही छायाचित्रांत उतरवावा आणि त्याचा क्रमांक कितवा येतो ते जाहीर करावे. सरासरी न घेता मध्यक घ्यावा, कारण अंदाज शून्याखाली जाऊ शकत नाही, पण वर त्याला मर्यादा नसते, आणि कोणी एकाने दहापट आकडा लिहिला की सरासरी त्याच्यामागे ओढली जाते. भूमितीमध्यही (बेरजेऐवजी गुणाकारावरून काढलेली सरासरी) चालेल, पण मध्यक समजावून सांगणे सोपे आहे.

विजेता ठरवताना वजाबाकी न करता गुणोत्तर काढावे. अंदाज आणि खरी संख्या यांपैकी मोठी संख्या लहान संख्येने भागायची. भागाकार जितका एकाच्या जवळ, तितका अंदाज चांगला. समजा खरी संख्या १,२०० आहे, एकाने ८०० सांगितले आणि दुसऱ्याने १,६५०. वजाबाकीने पहिला जिंकतो, कारण फरक ४०० आणि ४५० आहे. गुणोत्तराने दुसरा जिंकतो, कारण भागाकार १.५ आणि १.३७५ आहे. अंदाजातल्या चुका मुळात पटींच्या असतात, दशांश यांच्या गोटीच्या व्यासाच्या उदाहरणातही हेच दिसते, म्हणून त्या पटीनेच मोजणे न्याय्य आहे.

दशांश

आकडे झाकण्याविषयी पूर्ण सहमत आहे. गुणोत्तराविषयी मात्र मला थोडे वेगळे वाटते. अशा स्पर्धेत पहिला येणारा अंदाज खऱ्या संख्येच्या अगदी जवळ असतो, आणि तिथे वजाबाकी काय किंवा भागाकार काय, विजेता बहुधा तोच ठरतो. लहानथोर सगळ्यांना एका वाक्यात समजणारा नियम हाही खेळाचा एक गुण आहे. 'ज्याचा फरक सर्वांत कमी तो जिंकला', हे कोणालाही पटते. टक्केवारी वापरली तरी भागणार नाही का?

निळी शाई

एकाच छायाचित्राची स्पर्धा असती तर मी आपले म्हणणे मान्य केले असते. पण इथे छायाचित्रे तीन आहेत आणि त्यांतील संख्या एकमेकींपासून दूर असणार. समजा थव्यात २५० पक्षी आणि बरणीत १,७०० काड्या आहेत. एखाद्याने थवा १२५ सांगितला, म्हणजे तो निम्म्याने चुकला, तर त्याला १२५ चा भुर्दंड बसतो. दुसऱ्याने काड्या १,५३० सांगितल्या, म्हणजे केवळ १० टक्क्यांनी चुकला, तर त्याला १७० चा. फरकांची बेरीज करू लागलो की जिच्यात सर्वांत जास्त वस्तू आहेत ती बरणीच स्पर्धेचा निकाल लावते, आणि पक्षी मन लावून मोजणाऱ्याचे कष्ट वाया जातात.

टक्केवारीने हा दोष जातो, पण दुसरा येतो. कमी सांगणाऱ्याची चूक कधीच १०० टक्क्यांच्या पुढे जात नाही, अगदी त्याने 'एक' असे लिहिले तरी, तर तिप्पट सांगणाऱ्याची चूक २०० टक्के धरली जाते. हे कळलेला स्पर्धक मुद्दाम कमी आकडा लिहील. गुणोत्तरात निम्मे आणि दुप्पट यांना सारखाच दंड आहे. तिन्ही छायाचित्रांचे तीन भागाकार एकमेकांशी गुणावेत आणि ज्याचा गुणाकार सर्वांत लहान तो विजेता, एवढा हा नियम आहे. एकाचे भागाकार १.२, १.५ आणि १.१ असतील तर गुणाकार १.९८, दुसऱ्याचे १.३, १.३ आणि १.१ असतील तर सुमारे १.८६, म्हणून दुसरा पुढे. एका वाक्यात सांगायचे तर, 'जो सर्वांत कमी पटींनी चुकला तो जिंकला'.

दशांश

तीन छायाचित्रांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. त्यासाठी गुणाकाराचा नियमच योग्य आहे.

अदमास

मग नियम ठरले : आकडे बंद पाकिटात, प्रत्येक अंदाजासोबत कमीत कमी आणि जास्तीत जास्त, तीन भागाकारांचा गुणाकार, आणि गटाचा मध्यक हा मानाचा स्पर्धक. आता एकच शंका उरली आहे. खरी संख्या मी स्वतः मोजणार आहे, पण हजारावर गोट्या आणि त्याहून अधिक काड्या मोजताना माझा आकडा बरोबर आहे याची खात्री कशी द्यावी? सगळा निकाल त्यावरच अवलंबून आहे.

उंबरठा

गोट्या बरणीत भरण्याआधी मोजणे सर्वांत सोपे. दहा-दहांच्या ओळी लावून शंभराचा एक गट करावा, प्रत्येक गट वेगळ्या भांड्यात ठेवावा आणि भांडी मोजावीत. हेच काम दुसऱ्या व्यक्तीने पहिल्याचा आकडा न पाहता पुन्हा करावे. दोघांचे आकडे जुळले तर प्रश्न मिटला. जुळले नाहीत तर फक्त चुकलेला गट शोधावा लागतो, सगळे पुन्हा मोजावे लागत नाही.

काड्यांसाठी अचूक वजनकाटा उपलब्ध असेल तर त्याचा पडताळा म्हणून उपयोग करावा. शंभर काड्यांचे वजन करून एकूण वजनाला त्याने भागले की संख्या मिळते, मात्र काड्या एकसारख्या जाडीच्या नसतात, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणांहून उचललेल्या शंभराच्या पाच-सहा गटांची वजने घेऊन त्यांची सरासरी वापरावी. या वजनांत आपसांत दोन टक्के फरक दिसला तर वजनावरून काढलेली एकूण संख्याही तेवढ्याने हलू शकते, तेव्हा निकालासाठी हाताने मोजलेला आकडाच धरावा आणि वजनाचा आकडा केवळ मोठी चूक पकडण्यापुरता ठेवावा.

पाणथळ

थव्यासाठी छायाचित्र मोठ्या कागदावर छापून घ्यावे आणि मोजलेल्या प्रत्येक पक्ष्यावर शाईचा ठिपका द्यावा. दर शंभर पक्ष्यांनंतर शाईचा रंग बदलला तर मोजणी अधेमधे थांबवूनही पुढे चालू ठेवता येते. एकावर एक आलेले पक्षी जिथे दिसतील तिथे वादाला जागा राहते, म्हणून नियमांत आधीच लिहून ठेवावे की छायाचित्रात वेगळा ओळखू येतो तेवढाच पक्षी मोजला जाईल, आणि चौकटीच्या कडेवर कापला गेलेला पक्षी त्याचे डोके आत असेल तरच धरला जाईल. ठिपके दिलेला तो कागद निकालाच्या वेळी सर्वांना पाहण्यासाठी लावून ठेवावा.